बीम न्यूट्रल का करायचा, आणि १ एमईव्हीच का?

प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: टोकामॅक या फ्यूजन यंत्रातला प्लाझ्मा (आयन-इलेक्ट्रॉन सुटे झालेला अतितप्त वायू) तापवायला आधी अणूचा आयन करायचा, म्हणजे त्याला चार्ज द्यायचा, त्याला वेग द्यायचा आणि आत सोडायच्या आधी पुन्हा न्यूट्रल करायचा, हा उलटसुलट खटाटोप कशासाठी? फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या इटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकला १० लाख व्होल्टच का लागतात? पुढे वीज बनवणाऱ्या फ्यूजन भट्ट्यांमध्ये ही पद्धत टिकेल का? आणि पुण्यात राहून या विषयात काही करता येतं का?

मी गेली ३१ वर्षं व्हॅक्यूमचं काम करतो. सुरुवात भोसरीतल्या एका शेडमध्ये चेंबर आणि फ्लँज बनवण्यापासून झाली. पुढे बीमलाइनचे (बीम बनतो आणि जातो त्या सगळ्या वाटेचे) पाण्याने गार ठेवायचे तांब्याचे भाग आले, हाय व्होल्टेज व्हॅक्यूमच्या आत नेणारे फीडथ्रू आले, आणि आपण बनवलेली वस्तू चालते का ते बघायला प्रयोगशाळेत रात्र-रात्र बसणंही आलं. फिजिक्स मी ज्यांच्यासाठी काम केलं त्यांना प्रश्न विचारून शिकलो, म्हणून उत्तरही त्याच अंगाने देतो.

आधी तापवण्याचं बघू. टोकामॅकमध्ये प्लाझ्मातून लाखो अँपिअर करंट वाहतो आणि सुरुवातीला त्यानेच प्लाझ्मा तापतो. पण प्लाझ्मा जितका तापेल तितका त्याचा विद्युतरोध कमी होत जातो. तांब्याच्या तारेच्या बरोबर उलट. त्यामुळे दोन-तीन कोटी अंशांच्या आसपास ही आतली ऊब अपुरी पडते, आणि ड्यूटेरियम-ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड भावंडांचं फ्यूजन जोमाने चालायला तर साधारण १५ कोटी अंश हवेत. वरची उष्णता बाहेरूनच द्यावी लागते. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना पुढचं लगेच कळेल. बादलीतलं पाणी गरम करायचं तर एक तर त्यात हीटरची कांडी सोडायची, नाहीतर बंबातलं कढत पाणी ओतायचं. रेडिओ लहरी किंवा मायक्रोवेव्हने प्लाझ्मा तापवणं म्हणजे कांडी. न्यूट्रल बीम म्हणजे कढत पाणी ओतणं: प्रचंड वेगाचे अणू आत सोडायचे, ते आतल्या कणांवर आदळत आपली ऊर्जा वाटून टाकतात आणि स्वतः त्या गर्दीत मिसळून जातात.

आता न्यूट्रल का? टोकामॅकचं चुंबकीय क्षेत्र हेच प्लाझ्माचं भांडं. ते चार्ज असलेल्या कणाला सरळ जाऊच देत नाही, गोल फिरवतं. इटरच्या मध्यावर क्षेत्र ५.३ टेस्ला असेल. त्यात १ एमईव्हीचा, म्हणजे १० लाख व्होल्टने पळवलेला, ड्यूटेरियम आयन साधारण ४ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरेल. हे गणित तुम्ही बारावीच्या सूत्राने करून बघू शकता. मग बाहेरून तोच आयन मारला तर तो कडेलाच वळून भिंतीवर जाणार. न्यूट्रल अणूला मात्र चुंबकीय क्षेत्र दिसतच नाही. तो सरळ आत जातो, आतल्या आयन-इलेक्ट्रॉनांशी गाठ पडली की त्याचा इलेक्ट्रॉन सुटतो, तो आयन बनतो आणि त्याच क्षणी त्याच क्षेत्रात अडकतो. बाहेरच्या आयनाची वाट अडवणारं क्षेत्रच आत गेल्यावर त्याला धरून ठेवतं. पण न्यूट्रल अणूला विजेने वेग देता येत नाही, त्यासाठी चार्ज हवाच. म्हणून हा क्रम: चार्ज द्या, पळवा, चार्ज काढा, सोडा.

दुसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण पुढची सगळी डोकेदुखी त्यातूनच निघते.

बीम प्लाझ्मात किती खोल जाईल हे त्याच्या ऊर्जेवर आणि प्लाझ्माच्या घनतेवर ठरतं. एक ढोबळ सूत्र लक्षात ठेवा: ऊर्जा केईव्हीमध्ये (एमईव्हीचा हजारावा भाग) घ्या, तिला अणूच्या वस्तुमान-अंकाने भागा, ५.५ गुणिले १० चा १७ वा घात याने गुणा आणि दर घनमीटरमागे कण किती त्याने भागा. उत्तर मीटरमध्ये येतं. इटरमध्ये घनता १० च्या २० व्या घाताच्या आसपास असेल. १०० केईव्हीचा ड्यूटेरियम बीम घेतला तर उत्तर येतं २७ सेंटिमीटर. इटरच्या प्लाझ्माची आडवी त्रिज्या २ मीटर आहे. म्हणजे तो बीम सालीतच जिरणार, गाभा थंडच राहणार. १ एमईव्हीला तेच उत्तर पावणेतीन मीटर येतं. बीम तिरका सोडतात, त्यामुळे त्याला प्लाझ्मातून जास्त अंतर कापावं लागतं, आणि तेवढ्या अंतरासाठी हा आकडा नेमका जमतो. ब्रिटनमधल्या जेट या टोकामॅकचा प्लाझ्मा लहान होता, तिथे १०० केईव्हीच्या आसपासचे बीम पुरले. २०२३ च्या शेवटच्या प्रयोगांत जेटने एका पल्समध्ये ६९ मेगाज्यूल फ्यूजन ऊर्जा दिली, त्यातही तापवण्याचा मोठा भार बीमवरच होता. इटरचा आकार वाढला, म्हणून ऊर्जा दसपट झाली.

या ऊर्जेला ड्यूटेरियमचा वेग सेकंदाला सुमारे ९,८०० किलोमीटर असतो. पुणे-मुंबई अंतर सेकंदाच्या पासष्टाव्या भागात. आणि इथेच पेच पडतो. बीम न्यूट्रल करायची साधी रीत म्हणजे त्याला विरळ वायूच्या नळीतून न्यायचं, म्हणजे धन आयन जाताजाता वायूच्या रेणूकडून एक इलेक्ट्रॉन उचलतो. कमी वेगाला हे छान जमतं, ८०-१०० केईव्हीला निम्म्याहून जास्त ड्यूटेरियम न्यूट्रल होतो. २०० केईव्हीला हा हिस्सा बराच घटतो. १ एमईव्हीला आयन रेणूजवळून इतक्या झटकन निघून जातो की इलेक्ट्रॉन उचलायला सवडच मिळत नाही, हाती जवळपास काही येत नाही.

उपाय उलट्या बाजूने निघाला. इलेक्ट्रॉन उचलणं जमत नसेल तर एक जादा इलेक्ट्रॉन घेऊनच पळवा आणि वाटेत तो पाडा. ऋण हायड्रोजन आयनाचा तो जादा इलेक्ट्रॉन अवघ्या ०.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्टने धरलेला असतो. वायूतून जाताना धक्का लागला की गळतो. १ एमईव्हीलाही अशा बीमचा ५५ ते ६० टक्के भाग न्यूट्रल होतो. जपानच्या जेटी-६०यू या टोकामॅकवर १९९६ मध्ये ऋण आयनांचा पहिला मोठा बीम चालला, त्यानंतर जपानमधल्याच तोकी इथल्या एलएचडी यंत्रावर. इटरने हाच मार्ग घेतला: दोन बीमलाइन, प्रत्येकीत ४० अँपिअर ऋण ड्यूटेरियम, १० लाख व्होल्ट, प्लाझ्मात पोचणारी शक्ती प्रत्येकी १६.५ मेगावॅट, आणि तासभर सलग चालण्याची अट.

जो इलेक्ट्रॉन सहज गळतो तो नको तिथेही गळतो, हे मात्र विसरू नका. ऋण आयन बनवणंच अवघड. ते मुबलक मिळतात सीझियमचा पातळ थर दिलेल्या पृष्ठभागावर, कारण सीझियममुळे तो धातू इलेक्ट्रॉन सोडायला राजी होतो. हा शोध १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रशियात नोवोसिबिर्स्कच्या संस्थेत लागला आणि आजवर त्याला तोडीस तोड पर्याय मिळालेला नाही.

एका प्रयोगशाळेसाठी आम्ही सीझियमची छोटी भट्टी बनवत होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. त्यांचा इंजिनीअर काचेची बंद कुपी घेऊन आला, आत करंगळीच्या टोकाएवढा फिक्या सोनेरी रंगाचा धातू. मे महिना, दुपारची वेळ, शेडमध्ये पंखा तेवढा. कुपी टेबलावर ठेवली आणि चहा येईपर्यंत आतला धातू कडेने सुटून तेलासारखा वाहायला लागला. सीझियम २८.५ अंशाला वितळतो, पुण्याच्या उन्हाळ्यात तो द्रवच. हवा लागली तर पेट घेतो, म्हणून कुपी भट्टीच्या आत, व्हॅक्यूममध्ये फोडायची. त्या दिवशी त्या इंजिनीअरने मला जे सांगितलं ते मी आजही प्रत्येक ड्रॉइंगवर तपासतो: कुपीपासून सोर्सपर्यंतची (आयन बनतात त्या पेटीपर्यंतची) नळी आणि व्हॉल्व्ह हे कुपीपेक्षा जास्त गरम असले पाहिजेत, नाहीतर वाफ सगळ्यात गार जागी जाऊन बसते आणि सोर्सला काहीच पोचत नाही. आमच्या पहिल्या डिझाइनमध्ये व्हॉल्व्हच्या दांड्याला हीटर नव्हता. सीझियम तिथेच जमला असता. नंतर तो दांडा वेगळा तापवला.

ऋण आयन बाहेर ओढताना त्याच चार्जचे इलेक्ट्रॉनही सोबत येतात, फुकटे प्रवासी. त्यांना पूर्ण वेग मिळाला तर वीज वाया जाते आणि ग्रिड, म्हणजे आयन ओढणाऱ्या भोकांच्या तांब्याच्या पाट्या, जळतात. म्हणून दुसऱ्याच ग्रिडमध्ये छोटे कायमचे चुंबक बसवतात. हलका इलेक्ट्रॉन वळून त्या ग्रिडवर आपटतो, जड आयन पुढे जातो. इटरच्या सोर्समध्ये अशा प्रत्येक ग्रिडला १,२८० भोकं आहेत. भोकांच्या मधल्या अरुंद पट्टीत चुंबकाची खाच आणि पाण्याची वाहिनी, दोन्ही बसवायच्या. पट्टीत वाहिनी कोरून वर विद्युत-विलेपनाने तांब्याचा थर चढवून ती बंद करतात. तो तुकडा कापून भिंगाखाली बघितला की यातलं कसब कळतं.

१० लाख व्होल्ट एका उडीत देत नाहीत. २ लाखांच्या पाच पायऱ्या असतात. तरी ते व्होल्टेज वीजघरापासून सोर्सपर्यंत आणायचंच असतं, आणि त्यासाठी एसएफ६ या वीज रोखणाऱ्या वायूने भरलेली जाडजूड नळी वापरतात. इटलीत पादुआला याची पूर्ण आकाराची चाचणी-यंत्रणा आहे. तिथे ती नळी शंभर मीटरच्या घरात आहे. वायू संपून व्हॅक्यूम सुरू होतो त्या सीमेवर दीड मीटरहून मोठ्या व्यासाची सिरॅमिकची कडी लागतात, जपानमध्ये बनलेली. पादुआत दोन यंत्रं आहेत: स्पायडर, ज्यात नुसता सोर्स १०० किलोव्होल्टला तपासतात आणि जे २०१८ मध्ये सुरू झालं, आणि मिटिका, ज्यात अख्खी १० लाख व्होल्टची बीमलाइन उभी करायची आहे.

हाय व्होल्टेज पहिल्या दिवशी कधीच टिकत नाही. ग्रिडच्या पृष्ठभागावरची सूक्ष्म टोकं, धूळ, चिकटलेला वायू, या सगळ्यांतून ठिणगी पडते. मग कंडिशनिंग करायचं: थोडं व्होल्टेज चढवा, ब्रेकडाउन होऊ द्या, पुरवठा मायक्रोसेकंदांत तोडा, परत चढवा. प्रत्येक छोट्या ठिणगीने एक टोक जळून पृष्ठभाग थोडा सुधारतो. पुरवठा वेळेत तुटला नाही तर तीच ठिणगी तांब्यात खड्डा पाडते आणि ग्रिड आधीपेक्षा वाईट होतो. हे काम दिवसेंदिवस चालतं. मला विचाराल तर बीमच्या माणसाची पारख इथे होते. घाई करणारा इथे नुकसान करतो.

आता व्हॅक्यूम. बीमलाइनला दोन परस्परविरोधी गोष्टी हव्या असतात. न्यूट्रल करायच्या नळीत वायू पाहिजे, आणि तिथून हाताच्या अंतरावर असलेल्या ॲक्सलरेटरमध्ये तो अजिबात नको. कारण तिथे वायू असला तर आयन पूर्ण वेग घ्यायच्या आधीच इलेक्ट्रॉन गमावतो आणि अर्धवट वेगाचा, दिशा बदलता न येणारा अणू होऊन बसतो. म्हणून मधला वायू अखंड उपसावा लागतो. साधा पंप इथे पुरत नाही. भिंतीभर क्रायोपंप लावतात, सुमारे ४.५ केल्व्हिनला गार केलेले पत्रे, ज्यांवर हायड्रोजन गोठून-चिकटून बसतो. इटरच्या क्रायोपंपांवर कोळशाचा थर असतो, आणि तो कोळसा नारळाच्या करवंटीचा. करवंटीच्या कोळशाची बारीक छिद्रं या कामाला अगदी योग्य पडतात. कोकणातल्या माझ्या आत्याला हे सांगितलं तेव्हा तिला भारी अभिमान वाटला होता.

न्यूट्रल न झालेला ४० टक्के बीम कुठे जातो? तो वाटेतच वळवून तांब्याच्या पाट्यांवर टाकतात. ४० मेगावॅटमधले १६-१७ मेगावॅट, काही चौरस मीटरवर, तासभर. त्या पाट्यांच्या आतून पाणी जोरात खेळवलं जातं. आणि पाण्याच्या एका बाजूला व्हॅक्यूम असतो, मधे दोन-तीन मिलिमीटर तांबं.

माझं काम इथलं. एकदा भोसरीत आम्ही अशी एक पाटी बनवली, तांब्याला स्टेनलेसची नळी ब्रेझिंगने (मधे दुसरा धातू वितळवून) जोडलेली. आधी पाणी भरून दाब दिला, तासभर सुई हलली नाही. मग हीलियमने लीक तपासलं, डिटेक्टर शांत. पाटी ग्राहकाकडे गेली, त्यांनी १५० अंशाला तापवली आणि डिटेक्टर वर गेला. ती परत आली तेव्हा मला झोप लागली नाही. जोड कापून बघितला तर केसाहून बारीक वाट होती. दाबचाचणीतलं पाणी त्या वाटेत जाऊन बसलं होतं आणि आमच्या हीलियमला त्याने दार बंद ठेवलं होतं. तापवल्यावर पाणी उडालं आणि दार उघडलं. तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: आधी हीलियम, मग पाणी, मग भट्टीत वाळवणं, मग गरम असताना परत हीलियम. आमची स्वीकारायची मर्यादा १० चा उणे ९ वा घात, मिलिबार-लिटर प्रति सेकंद. एवढ्या गळतीतून साध्या हवेचा एक घन सेंटिमीटर आत यायला सुमारे ३२ वर्षं लागतील. नव्या पोरांना हे जास्तीचं वाटतं. पण पाटी एकदा बीमलाइनमध्ये बसली आणि न्यूट्रॉनांनी तिथला भाग किरणोत्सारी केला की पाना घेऊन कुणीही आत जाऊ शकत नाही. जे तपासायचं ते आत्ताच तपासायचं असतं.

तिसरा प्रश्न, पुढच्या भट्ट्यांमध्ये बीम टिकेल का. मला या पद्धतीचा जिव्हाळा आहे, तरी खरं तेच सांगतो: आज आहे त्या रूपात कठीण आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी प्लाझ्मात पोचणारा हिस्सा आज २५ ते ३० टक्के. ५० मेगावॅटचा बीम चालवायला भट्टीने बनवलेल्या विजेतले १७० ते २०० मेगावॅट तिथेच खर्ची पडतील. शिवाय बीमला प्लाझ्मापर्यंत सरळ, रुंद वाट लागते. त्याच वाटेने न्यूट्रॉन उलटे बाहेर येऊन सोर्सपर्यंत पोचतात, आणि भिंतीची जी जागा ट्रिटियम हे इंधन पिकवायला हवी ती बीम खातो. मायक्रोवेव्हची नळी वळवता येते, मायक्रोवेव्ह बनवणारा जायरोट्रॉन दूर दुसऱ्या इमारतीत ठेवता येतो. म्हणून अनेक डिझाइनांचा कल तिकडे आहे. अमेरिकेतलं स्पार्क यंत्र तर बीमशिवाय, रेडिओ लहरींवरच तापवलं जाणार आहे.

बीमच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. तो प्लाझ्माला ढकलतो, फिरवतो, त्यात करंटही चालवतो, आणि ते करायला कुठल्याही ठरावीक फ्रिक्वेन्सीचा मेळ लागत नाही. दुसरं, न्यूट्रल करायच्या टप्प्याला अजून वाव आहे. वायूऐवजी प्लाझ्मातून बीम नेला तर ८० टक्क्यांच्या वर न्यूट्रल होऊ शकतो. लेझरने तो जादा इलेक्ट्रॉन काढला तर कागदावर ९५ टक्क्यांच्या पुढे. इन्फ्रारेड लेझरचा १.१७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन ०.७५ ची पकड सहज सोडवतो. फक्त आरशांच्या मधे मेगावॅटच्या घरातला प्रकाश कोंडून ठेवायचा आहे, बीमच्या धुळीत आणि सीझियमच्या वाफेत. यावर कुणी पीएचडी करत असेल तर मी त्याचे आरसे धरायची चौकट फुकट बनवून देईन.

आता पुणं. आपल्या देशात हे काम गांधीनगरजवळच्या भाट गावातल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत चालतं. पुण्याहून रात्रीच्या गाडीने अहमदाबाद, सकाळी तिथे. तिथे रॉबिन नावाच्या यंत्रावर रेडिओ लहरींनी चालणारा ऋण आयनांचा सोर्स अभ्यासतात, आणि इटरसाठी निदानाचा न्यूट्रल बीम भारताच्या वाट्याला आला आहे: १०० केईव्हीचा हायड्रोजन, सोर्समधून ६० अँपिअर. तो प्लाझ्मा तापवायला नाही, फ्यूजनमधून उरलेली हीलियमची राख गाभ्यात किती साठली ते प्रकाशावरून मोजायला. अशा कामांचे सुटे भाग देशभरच्या कारखान्यांत बनतात. भोसरी, चाकण, पिरंगुटला पाच अक्षांची मशीन आहेत, उत्तम वेल्डर आहेत. व्हॅक्यूम ब्रेझिंग आणि लीक टेस्टिंग मनापासून जाणणारे मात्र मोजके. तुम्ही मेकॅनिकलच्या आहात, म्हणून स्पष्ट सांगतो: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट गरम तांब्याच्या पाटीतल्या पाण्याच्या प्रवाहावर घ्या आणि सुट्टीत महिनाभर कुठल्याही व्हॅक्यूमच्या शेडमध्ये हीलियमची नळी हातात धरून उभ्या राहा. जोडाच्या खालून वर नाही, वरून खाली यायचं, कारण हीलियम वर चढतो आणि खालची फवारणी वरच्या गळतीवर जाऊन तुम्हाला चुकीची जागा दाखवते.

आणि वर दिलेलं सूत्र त्या निदानाच्या बीमला लावून बघा. हायड्रोजन, १०० केईव्ही, तीच घनता. उत्तर ५५ सेंटिमीटर येईल. गाभा २ मीटर आत. तिथवर शंभरातले किती अणू पोचतात ते काढा, म्हणजे सोर्समधून ६० अँपिअर का मागितले आहेत ते तुमचं तुम्हालाच कळेल.